नकाशा आणि नक्षी : मारी थार्प यांच्या सागरतळ-नकाशांचे समीक्षात्मक वाचन

प्रस्तावना

भूगोलाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत जर्नल तपासताना परीक्षकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'मुलींचे नकाशे सुबक असतात.' वाक्य कौतुकाचे आहे आणि प्रस्तुत लेखिकेनेही ते अनेकदा उच्चारलेले आहे. परंतु या कौतुकात 'अचूक', 'विचारपूर्वक' किंवा 'नवे काही सांगणारे' ही विशेषणे सहसा येत नाहीत. सुबकपणा हा हाताचा गुण मानला जातो आणि प्रदेशाचे आकलन हा बुद्धीचा. हात आणि बुद्धी यांची ही वाटणी कोणी जाणूनबुजून केलेली नाही. म्हणूनच ती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

मराठी भाषेत या वाटणीचा एक बोलका पुरावा आहे. 'नकाशा' आणि 'नक्षी' हे दोन्ही शब्द अरबीतील 'नक्श' या एकाच मुळातून फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आले. रेखणे, कोरणे, उमटवणे हा दोहोंचा मूळ अर्थ. पुढे एका शब्दाचा संबंध जमीन, सीमा, किल्ले आणि मोजणी यांच्याशी जुळला, तर दुसरा साडीचा काठ, भरतकाम आणि उंबरठ्यावरील रांगोळी यांच्यात रमला. नकाशा पुरुषांकडे गेला व नक्षी स्त्रियांकडे राहिली, असे म्हणणे थोडे सरधोपट होईल हे मान्य आहे. तरीही नकाशाशास्त्राच्या इतिहासात स्त्रियांना ज्या जागा मिळाल्या, त्या बहुतांशी नक्षीच्या जागा होत्या, हे नाकारता येत नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकन भूवैज्ञानिक व नकाशाकार मारी थार्प (१९२०-२००६) यांच्या सागरतळ-नकाशांचा संहिता म्हणून विचार केला आहे. त्यांच्यावर झालेला अन्याय सांगणे हा येथील मुख्य हेतू नाही. ते काम गेल्या दोन दशकांत पुष्कळ झाले आहे आणि त्यातून एक ठरावीक कथाही तयार झाली आहे. त्या कथेत नकाशा कोठे हरवतो, हा येथील प्रश्न आहे.

नकाशाघरातील स्त्रिया

अलीकडच्या संशोधनाने एक गोष्ट निश्चित केली आहे, ती म्हणजे नकाशानिर्मितीत स्त्रिया नव्हत्या असे कधीच नव्हते. ॲलिस हडसन आणि मेरी रिट्झलिन यांनी २००० साली विसाव्या शतकापूर्वीच्या नकाशाकार स्त्रियांची एक प्राथमिक यादी प्रसिद्ध केली आणि विल व्हॅन डेन हूनार्ड यांचा 'मॅप वर्ल्ड्‌स' हा ग्रंथ २०१३ मध्ये आला. या कामांतून जे चित्र उभे राहते, त्यात स्त्रियांच्या प्रवेशाची दारे ठरलेली दिसतात. पहिले दार वैधव्याचे. लंडनचे नकाशाकार जॉन रॉक १७६२ मध्ये निधन पावल्यावर त्यांच्या पत्नी मेरी ॲन रॉक यांनी व्यवसाय चालवला आणि अमेरिकेतील किल्ल्यांच्या आराखड्यांचा संच स्वतःच्या नावाने काढला. दुसरे दार रंगकामाचे, म्हणजे छापील नकाशांवर हाताने रंग भरण्याचे. हे काम अनेकदा स्त्रिया व मुले करीत आणि त्यावर रंगवणाऱ्याचे नाव नसे. तिसरे दार शिक्षणाचे. एमा विलार्ड यांनी अमेरिकेच्या इतिहासाच्या अध्यापनासाठी १८२८ मध्ये काढलेली नकाशामालिका या वाटेने आली.

यांपैकी भरतकामाच्या नकाशांचे प्रकरण विशेष लक्षवेधी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंड व अमेरिकेतील शाळांमध्ये मुली रेशमी धाग्यांनी कापडावर देशांचे नकाशे भरत असत. जुडिथ टायनर यांनी २०१५ च्या 'स्टिचिंग द वर्ल्ड' या ग्रंथात त्यांचा अभ्यास केला आहे. येथे नकाशा आणि नक्षी शब्दशः एका कापडावर येतात. या वस्तू दीर्घकाळ सुईकामाच्या संग्रहांत जमा होत्या, नकाशासंग्रहांत नव्हत्या. एखादी वस्तू कोणत्या कपाटात ठेवली जाते, यावरून तिचे वाचन ठरते.

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. न्यूफाउंडलंडमधील बिओथुक समाजातील शेवटची ज्ञात व्यक्ती म्हणजे शानॉडिथिट ही स्त्री. १८२९ मध्ये तिचे निधन झाले. त्याआधीच्या हिवाळ्यात तिने आपल्या लोकांची वस्ती, स्थलांतरे व वसाहतवाल्यांशी झालेल्या चकमकी दाखवणारे नकाशे काढले. त्यांवरील इंग्रजी टिपा मात्र विल्यम कॉरमॅक यांच्या हस्ताक्षरातील आहेत. रेषा तिची, अक्षर त्याचे. ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण तिचे सौम्य रूप सव्वाशे वर्षांनंतर न्यूयॉर्कजवळच्या एका प्रयोगशाळेतही आढळते.

सहा छेद

मारी थार्प यांचे वडील अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी मृदा-सर्वेक्षण करीत. त्यामुळे नकाशा हा शब्द त्यांच्या घरात बाहेरून आलेला नव्हता. त्यांनी आधी इंग्रजी व संगीत यांचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात पुरुष विद्यार्थी रणांगणावर गेल्याने मिशिगन विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाने स्त्रियांना प्रवेश दिला आणि १९४४ मध्ये त्यांनी तेथून पदव्युत्तर पदवी मिळवली. त्याच युद्धाने अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागातही शेकडो तरुणींना काम दिले, पण त्यांचे इंग्रजी टोपणनाव 'लष्करी नकाशा-कुमारिका' अशा थाटाचे होते, हे जाता जाता नोंदवावे. पुढे टल्सा येथील तेल कंपनीत नोकरी करीत असता थार्प यांनी गणिताचीही पदवी घेतली. कंपनीत स्त्रियांना क्षेत्रकार्यास जाता येत नसे. पुरुषांनी बाहेरून आणलेली माहिती त्या कार्यालयात बसून जुळवत.

१९४८ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठात मॉरिस यूइंग यांच्याकडे आल्या. एवढ्या पात्रतेच्या स्त्रीला कोणते काम द्यावे हे यूइंग यांना सुचेना आणि त्यांनी आरेखन येते का, असे विचारले. दोन विषयांची तयारी एका प्रश्नात हाताच्या कौशल्यावर येऊन थांबली. १९५२ पासून थार्प प्रामुख्याने ब्रूस हीझेन यांच्यासोबत काम करू लागल्या. हीझेन जहाजावर जात आणि प्रतिध्वनी-खोलीमापकाच्या नोंदी आणत. स्त्रियांना संशोधन-जहाजावर मज्जाव असल्याने थार्प किनाऱ्यावर त्या नोंदींचे आकडे कागदावर उतरवत.

येथून पुढचा भाग सर्वपरिचित आहे, पण तो नीट सांगितला जात नाही. उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजमार्गांवरील नोंदींवरून थार्प यांनी सहा आडवे छेद काढले आणि ते एकाखाली एक मांडले. उभे माप आडव्या मापाच्या चाळीस पट वाढवलेले होते. महासागराच्या मध्यातून जाणारी डोंगररांग सर्व छेदांत दिसत होती. ती आहे हे आधीपासून माहीत होते. थार्प यांनी पाहिले ते वेगळेच. एका छेदातील शिखरे दुसऱ्या छेदातील शिखरांशी जुळत नव्हती, उतार जुळत नव्हते, मात्र रांगेच्या माथ्यावरील इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच तेवढी छेदामागून छेदात त्याच जागी येत होती. इतर सर्व बदलते आणि एकच गोष्ट टिकते, तेव्हा ती टिकणारी गोष्ट योगायोग असू शकत नाही. थार्प यांनी तेथे सलग खचदरी असल्याचा निष्कर्ष काढला. खचदरी म्हणजे कवच ताणले जात असल्याची खूण, आणि ताण म्हणजे भूखंडवहनाकडे बोट. त्या काळी अमेरिकेत भूखंडवहन मानणे हे जवळजवळ वैज्ञानिक पाखंड समजले जाई. हीझेन यांनी हा निष्कर्ष 'बायकी बडबड' म्हणून उडवून लावला, अशी आठवण थार्प यांनी पुढे नोंदवली आहे.

ही एक टिप्पणी आज थार्प यांच्यावरील प्रत्येक लेखात सापडते. ती सांगण्याजोगी आहे यात संशय नाही. पण तिने मूळ घटनेला झाकोळले आहे. लोकप्रिय कथनात एक हट्टी, अंतःप्रेरणेने चालणारी स्त्री आणि एक अविश्वासू पुरुष उरतात. सहा छेदांची तुलना, म्हणजे जी खरी बौद्धिक कृती आहे, ती पार्श्वभूमीत जाते. स्त्रीच्या शोधाला 'अंतःप्रेरणा' म्हणणे हेही 'सुबक' म्हणण्याचेच एक रूप नव्हे काय? लंडनच्या १९३६ च्या रस्तेदर्शक पुस्तकाच्या कर्त्या फिलिस पीअरसाल यांच्याबाबतही असेच घडले. त्यांनी लंडनचे तेवीस हजार रस्ते पायी तुडवले ही दंतकथा सर्वत्र सांगितली जाते. नकाशा-इतिहासकारांनी तिच्याविषयी गंभीर शंका व्यक्त केल्या आहेत. उपलब्ध नकाशे जुळवणे, तपासणे, सूची करणे, छापणे व विकणे या कामांतले कर्तृत्व पुरेसे रंजक वाटत नाही आणि म्हणून पायपीट लागते.

हीझेन यांचे मत बदलले तेही वादविवादाने नव्हे. त्याच सुमारास हॉवर्ड फॉस्टर हे कर्णबधिर चित्रकार बेल प्रयोगशाळेच्या गरजेसाठी महासागरांतील भूकंपांची अपिकेंद्रे नकाशावर नोंदवत होते. समुद्राखालील तारायंत्राच्या तारा कोठे तुटण्याचा धोका आहे हे त्यावरून कळणार होते. फॉस्टर यांचा व थार्प यांचा नकाशा एकाच प्रमाणावर होते. दोन्ही एकत्र पाहिले असता भूकंपांचे ठिपके थार्प यांच्या खाचेत ओळीने पडत असल्याचे आढळले. शेजारच्या दोन मेजांवर, प्रयोगशाळेच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्या दोन व्यक्तींनी वेगवेगळ्या हेतूंनी काढलेल्या नकाशांनी एकमेकांची साक्ष दिली. फॉस्टर यांचे नाव स्त्रीवादी कथनांतही अनेकदा सुटते. त्या कथनाला दोनच पात्रे पुरतात, हे त्याचे कारण असावे.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. खचदरीची कल्पना सागरतळाच्या संदर्भात थार्प यांच्यापूर्वी कोणालाच सुचली नव्हती असे नाही. १९३३-३४ मधील जॉन मरे मोहिमेच्या नोंदींवरून वाइझमन आणि सेमूर स्यूएल यांनी १९३७ मध्ये अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग रांगेचे आफ्रिकेच्या खचदऱ्यांशी असलेले साम्य दाखवले होते. हे स्यूएल भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले होते. आपल्याच समुद्रातील तो निष्कर्ष एकाकी राहिला. थार्प यांचे श्रेय पहिलेपणात शोधू नये असे मला वाटते. एका खाचेपासून सलग दरी, एका महासागरापासून सर्व महासागर आणि आकड्यांपासून दृश्य, असा प्रवास त्यांनी पूर्ण केला. श्रेय आहे ते त्यात.

गुप्ततेतून आलेली शैली

थार्प-हीझेन यांचे उत्तर अटलांटिकचे चित्र १९५७ मध्ये तयार झाले. ते पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्याची दृश्यात्मकता. पाणी काढून टाकले आहे आणि आपण विमानातून तिरक्या नजरेने डोंगर, पठारे व मैदाने पाहत आहोत असा भास होतो. ही पद्धत कोलंबियाचेच प्राध्यापक लोबेक यांनी भूपृष्ठासाठी रूढ केलेल्या भूरूपचित्रांवरून घेतलेली होती. मात्र तिची निवड केवळ सौंदर्यदृष्टीने झाली नाही. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने सविस्तर समखोली रेषांचे नकाशे गोपनीय ठरवले होते. नेमकी खोली छापता येत नव्हती, आकार मात्र दाखवता येत होता. म्हणजे आकड्यांवर बंदी आल्यामुळे चित्र आले.

या निर्बंधाचा परिणाम विलक्षण झाला. समखोली रेषांचा नकाशा वाचायला प्रशिक्षण लागते आणि तो माहिती नसलेल्या जागी प्रामाणिकपणे थांबतो. भूरूपचित्र शाळकरी मुलालाही वाचता येते. पण ते थांबू शकत नाही, त्याला संपूर्ण पृष्ठ भरावे लागते. जहाजमार्ग म्हणजे अफाट महासागरावर ओढलेल्या काही रेघा. त्यांच्या मधल्या विस्तारात काय आहे हे कोणी मोजलेले नव्हते. तेथे थार्प यांनी ज्ञात छेदांचा पोत, उतारांचा स्वभाव आणि भूकंपांच्या ओळी यांवरून भूरूपे कल्पिली. जेथे तेवढाही आधार नव्हता तेथे नकाशाची सूची मोठी करून ठेवली. त्या रिकाम्या जागी जुन्या नकाशांप्रमाणे जलपऱ्या आणि फुटलेली जहाजे काढावीत असे त्यांना वाटत होते, हीझेन यांनी ते मानले नाही. हा विनोदी तपशील थार्प यांना आपल्या कामाच्या स्वरूपाची किती स्पष्ट जाण होती ते दाखवतो. कोठे पुरावा संपतो आणि कोठे तर्क सुरू होतो, हे त्यांना ठाऊक होते. वाचकाला मात्र ते चित्रात दिसत नाही. ही या नकाशाची शक्ती आहे आणि दोषही आहे. मोजलेला डोंगर व कल्पिलेला डोंगर एकाच लेखणीने, सारख्याच आत्मविश्वासाने काढलेले आहेत.

१९९७ मध्ये स्मिथ आणि सँडवेल यांनी उपग्रहीय मापनांच्या आधारे सागरतळाचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. थार्प यांच्या मुख्य रचना त्याने पुष्ट केल्या, तपशील अनेक ठिकाणी दुरुस्त केले. त्यांचा तर्क चित्रात बरोबर ठरला, सिद्धान्तात मात्र तसा ठरला नाही. हीझेन दीर्घकाळ पृथ्वी प्रसरण पावत असल्याच्या मताचे होते आणि थार्पही त्यांच्यासोबत होत्या. हॅरी हेस यांची १९६२ मधील मांडणी आणि व्हाइन-मॅथ्यूज यांचे १९६३ चे चुंबकीय पुरावे यांतून भूपट्ट सिद्धान्त आकाराला आला तो या दोघांच्या हातून नव्हे. थार्प यांना भूपट्ट सिद्धान्ताच्या जननी म्हणणाऱ्या लेखनात ही बाजू वगळली जाते. नकाशा त्याच्या कर्त्याच्या मतापेक्षा अधिक जाणू शकतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना तरी नवलाची वाटू नये.

नाव कोठे येते

श्रेयाच्या प्रश्नाकडे वळताना कागदपत्रे काळजीपूर्वक पाहिली पाहिजेत. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्तर अटलांटिकवरील ग्रंथावर हीझेन, थार्प व यूइंग अशी तीन नावे आहेत. १९६४ च्या हिंदी महासागराच्या भूरूपचित्रावर हीझेन व थार्प यांची नावे आहेत. १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या आणि ऑस्ट्रियन चित्रकार हाइनरिश बेरान यांनी रंगवलेल्या जगाच्या सागरतळ-नकाशावरही ती आहेत. तेव्हा त्यांचे नाव पुसले गेले असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु जगभर पसरलेल्या मध्य-महासागरी रांगेची व तीवरील दरीची कल्पना मांडणारा १९५६ चा लेख यूइंग व हीझेन यांचा आहे. १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सागरतळाच्या भेगेवर आलेला लेख एकट्या हीझेन यांचा आहे.

म्हणजे नाव नकाशावर आहे, युक्तिवादावर नाही. यामागे एक दृढ समजूत आहे की शोध लेखात असतो आणि नकाशा त्याचे स्पष्टीकरण करणारी आकृती असते. प्रत्यक्षात येथे क्रम उलटा होता. दरी आधी छेदांत दिसली, नकाशात सिद्ध झाली आणि नंतर लेखात लिहिली गेली. नकाशा हाच मूळ युक्तिवाद होता आणि लेख त्याचे निवेदन. आपल्याकडेही ही समजूत जिवंत आहे. वार्षिक कामाचा अहवाल भरताना एका सहकारी प्राध्यापिकेने स्वतः फिरून तयार केलेला तालुक्याच्या पाणवठ्यांचा नकाशा कोणत्या रकान्यात लिहावा असे विचारले होते. दोन वर्षांच्या त्या कामाची नोंद शेवटी 'इतर' या सदरात झाली, आणि त्याच नकाशावर आधारलेला चार पानांचा लेख मात्र 'संशोधन' म्हणून मोजला गेला.

साठच्या दशकाच्या मध्यात यूइंग व हीझेन यांच्यातील बेबनाव विकोपाला गेला. हीझेन यांचे अध्यापकपद कायम असल्याने ते सुरक्षित राहिले, थार्प यांची प्रयोगशाळेतील जागा मात्र गेली. पुढची अनेक वर्षे त्यांनी नायॅक येथील आपल्या घरी बसून काम केले. जगाचा सागरतळ ज्या मेजावर काढला गेला ते मेज घरात होते. 'घरी बसून' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार बेकारीसाठी वापरला जातो, याचा येथे विसर पडू नये. त्यांना प्रथम संशोधन-मोहिमेत जाता आले ते १९६८ मध्ये, म्हणजे त्या दरीचा शोध लागून पंधरा वर्षे उलटल्यावर. १९९७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने विसाव्या शतकातील चार श्रेष्ठ नकाशाकारांत त्यांची गणना केली. हॅली फेल्ट यांचे त्यांच्यावरील चरित्र २०१२ मध्ये आले. थार्प यांच्या आयुष्यातील अज्ञात जागा फेल्ट कल्पनेने भरतात. नायिकेची पद्धत चरित्रकाराने उचलावी हे मनोज्ञ आहे, तथापि थार्प यांच्याजवळ भूकंपांचे ठिपके होते, तसा पडताळा चरित्रकाराजवळ नेहमी असतोच असे नाही.

'कोठूनही नसलेली' नजर

स्त्रीवादी नकाशा-समीक्षेपुढे थार्प यांचे नकाशे एक अडचण उभी करतात. १९८८ मध्ये डोना हॅरावे यांनी सर्व काही पाहणारी पण स्वतः कोठेच नसलेली अशी जी दृष्टी विज्ञान मिरवते, तिला देवाची हातचलाखी म्हटले. १९८९ मध्ये जे. बी. हार्ली यांनी नकाशातील सत्ता व मौन यांचे विवेचन केले. २००२ मध्ये मेई-पो क्वान यांनी भौगोलिक माहिती प्रणालीचा वापर स्त्रियांच्या दैनंदिन जीवनाच्या चित्रणासाठी करता येईल असा युक्तिवाद केला. या परंपरेत वरून, दुरून पाहणारी नजर पुरुषी समजली जाते, आणि जवळून, देहाने अनुभवलेले ज्ञान स्त्रीवादी.

थार्प यांचा नकाशा या चौकटीत बसत नाही. संपूर्ण ग्रहाचे पाणी उपसून तळ न्याहाळणारी ही नजर हॅरावे यांना अभिप्रेत असलेल्या दृष्टीचे टोकाचे उदाहरण आहे. त्यातच नौदलाचा पैसा, तारायंत्र कंपनीची गरज आणि शीतयुद्धाची गुप्तता हे सारे तिच्या पाठीशी आहे. आणि ती नजर अशा व्यक्तीची आहे जिला तेथे प्रत्यक्ष जाण्याची परवानगीच नव्हती. दूरत्व हे तिचे वर्चस्व नव्हते, तिच्यावर लादलेली अट होती. त्या अटीतून तिने सर्वदर्शी चित्र निर्माण केले. स्त्रीने काढलेला नकाशा वेगळा, अधिक मायेचा किंवा अधिक स्थानिक असलाच पाहिजे, या अपेक्षेत मला पुन्हा नक्षीचाच वास येतो. ज्या सिद्धान्ताने सुबकपणाच्या सापळ्यातून सोडवायचे त्याने 'जवळिकी'च्या सापळ्यात अडकवू नये.

याचा अर्थ जवळून केलेल्या नकाशांना महत्त्व नाही असा नव्हे. मुक्त सहभागाच्या 'ओपनस्ट्रीटमॅप'वर पाळणाघरांसाठी स्वतंत्र खूण असावी हा प्रस्ताव २०११ मध्ये मतदानात नामंजूर झाला. दारूचे गुत्ते व रात्रीचे क्लब यांच्यासाठी तेथे एकाहून अधिक खुणा होत्याच. मोनिका स्टीफन्स यांनी २०१३ मध्ये या प्रकरणाचे विश्लेषण करताना नोंदवणारे बहुसंख्य पुरुष असल्याने काय नोंदण्याजोगे याचा निर्णयही तसाच होतो, हे दाखवले. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'सेफ्टीपिन' या उपक्रमात रस्त्यावरचा उजेड, वर्दळ, पदपथ व आडोसे यांची पाहणी करून सुरक्षिततेचा नकाशा तयार होतो. येथे प्रश्न नजरेच्या उंचीचा नसून कोणती वस्तू नकाशात येण्यास पात्र आहे याचा आहे.

हिंदी महासागर

१९६७ च्या ऑक्टोबरमध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने बेरान यांनी रंगवलेला हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा वाटला. त्यामागे १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची माहिती आणि थार्प-हीझेन यांचे १९६४ चे चित्र होते. याच मोहिमेच्या प्रेरणेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. याच संस्थेतील समुद्रशास्त्रज्ञ, नागपूरला जन्मलेल्या आदिती पंत, आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या १९८३-८४ मध्ये अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. सेनगुप्ता यांनी तेथील शिर्माखर टेकड्यांचे भूवैज्ञानिक नकाशांकन केले. त्याच १९८३ साली भारताच्या सेवेत आलेल्या संशोधन-जहाजाचे नाव 'सागरकन्या' असे आहे. जहाजाला कन्या म्हणण्याची हौस सर्व भाषांत दिसते, कन्यांना जहाजावर घेण्याची हौस उशिरा येते.

जहाजांच्या नावांची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अमेरिकी नौदलाने २०२३ मध्ये एका सर्वेक्षण-जहाजाचे नाव बदलून 'मारी थार्प' असे ठेवले. त्याचे आधीचे नाव 'मॉरी' होते. मॅथ्यू मॉरी यांनी यादवी युद्धात गुलामगिरीवादी दक्षिणेची बाजू घेतली होती, हे बदलाचे कारण. परंतु नकाशाशास्त्राच्या दृष्टीने या अदलाबदलीत आणखी एक धागा आहे. उत्तर अटलांटिकच्या तळाचा पहिला नकाशा १८५० च्या दशकात काढणारे हेच मॉरी. १८३९ मधील अपघातात पायाला झालेल्या दुखापतीमुळे त्यांची समुद्रसेवा संपली होती. वॉशिंग्टनमधील कार्यालयात बसून, इतरांनी जहाजांवरून आणलेल्या खोलीच्या नोंदी जुळवून त्यांनी तो नकाशा सिद्ध केला. थार्प यांनीही दुसऱ्यांच्या नोंदींवरून, किनाऱ्यावर बसून हेच केले. मॉरी यांना कोणी आरेखक म्हटले नाही, आणि त्यांच्या नकाशाला कोणी सुबकही म्हटल्याचे आढळत नाही. समुद्राचे प्राकृतिक भूगोलशास्त्र उभारणारे पुरुष म्हणून त्यांची नोंद झाली.